नवा पैसा आणि आभाळातली कुत्री

एनस्खेडे, ६ नोव्हेंबर २०२०

मोरेश्वर,

वर 'चि.' नाही हे तू पाहिलं असशीलच. विसरलेली नाही, मुद्दाम गाळलंय.

अकरा वर्षांनी हिला पत्राची हुक्की कुठून आली, म्हणशील. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर दुसऱ्या वाक्याला मीच आपटला असता. सख्ख्या भावाबहिणीत अबोला धरायचा तर तो आपणच धरावा.

मी मंजूषाकडे आहे, हॉलंडमध्ये, जर्मनीच्या हद्दीला चिकटलेल्या या गावात. जावई, केतन, इथल्या इंजिनिअरिंगच्या युनिव्हर्सिटीत कामाला आहे. फेब्रुवारीत आले ती तीन महिन्यांसाठी. मार्चात सगळं बंद झालं आणि मी इथेच अडकले. मधे विमानं सुरू झाली, पण लेक सोडेना. म्हणते, पुण्यात एकटी काय करशील, बाबा असते तर गोष्ट वेगळी होती, तुला साखर आहे, बीपी आहे. तिच्या मनात आणखी काहीतरी आहे असा मला संशय आहे, पण ते नंतर.

इथून टपालाला दीड महिना लागतो. म्हणून नात, तेजल, या पानांचे फोटो काढून तासगावात दत्ताला पाठवते. दत्ता म्हणजे नगरपालिकेसमोरचा झेरॉक्सवाला. तो छापून, पाकिटात घालून तुझ्या हातात देईल. तेजलला मराठी समजतं, वाचता येत नाही, तेव्हा तिची धास्ती नाही. दत्ता वाचणार हे मी धरूनच चाललेय. दत्ता, वाच बाबा. पण बाहेर एक अक्षर फुटलं तर तुझ्या आईला फोन करीन.

आता मुद्द्याचं. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्गापुढे उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. तेजलने विषय घेतला, रशियाने आभाळात पाठवलेली कुत्री. परवा माझ्यापुढे तालीम चालली होती, सगळी डचमध्ये. मला कुत्रीच्या नावाखेरीज काही कळेना. विचारलं, कधीची गं ही गोष्ट? तर म्हणाली, "आजी, थर्ड नोव्हेंबर, नाइन्टीन फिफ्टी-सेव्हन." मी मेथी निवडत होते. हात तिथेच थांबला.

आईला तारखा कधी आल्या का सांग. पानशेत फुटलं त्या वर्षी अमक्याचं लग्न, दुष्काळात तमका गेला, अशी तिची मोजणी. तुझ्या बारशाच्या दिवशी नाना पेपर घेऊन आले आणि म्हणाले, रशियाने कुत्री आभाळात धाडली. हे तू शंभरदा ऐकलंयस. आळीतली पोरं तुला लायका म्हणून चिडवायची आणि तू दगड घेऊन त्यांच्यामागे धावायचास. "बारशालाच मांडीवर मावत नव्हता माझा मोरू, मान धरून बसला होता," हे आईचं वर कौतुक.

आणि मी? मी नव्या पैशाच्या दिवशीची. आणे जाऊन नवे पैसे निघाले त्या दिवशी मी झाले. नानांनी सुईणीच्या हातावर नवं कोरं नाणं ठेवलं, तिने ते दाताखाली धरलं आणि म्हणाली, "गुर्जी, पोरगी झाली म्हणून खोटा पैसा देता व्हय?" केतनला कॉम्प्युटरवर तारीख बघायला लावली. १ एप्रिल १९५७.

आता तूच मोज. एक एप्रिल मी. बारसं नोव्हेंबरच्या चारला धरलं तर तू ऑक्टोबरच्या अखेरीचा. सात महिनेसुद्धा भरत नाहीत, मोरेश्वर. आणि तू काही काचेच्या पेटीत वाढलेला सातमाशा नव्हतास. चौसष्टीला आले मी, दोन्ही गोष्टी पाठ आहेत, पण एकीला दुसरीशेजारी ठेवून कधी पाहिलंच नाही.

एका आईची दोन लेकरं अशी होत नाहीत. दोघांतलं एक आणलेलं आहे. आणि ते तू नाहीस, हे मला आंधळीलाही दिसतं. "मोरू अगदी आईवर गेलाय" हे आळीतल्या बायका उठता बसता म्हणायच्या. मी आईवर गेले असं आजवर एकाही माणसाने म्हटलेलं नाही. साय तुला, मऊ भात तुला, मांडी तुला. मी थोरली म्हणून समजून घ्यायचं.

मला एकच सांग. तुला हे माहीत होतं का? आणि केव्हापासून?

जयंती


एनस्खेडे, २५ नोव्हेंबर २०२०

मोरेश्वर,

पत्र मिळालं हे मला माहीत आहे. दत्ता म्हणाला, काकांनी ओट्यावर बसून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि चहा न घेताच आत गेले. चहा न घेता तू कधीपासून उठायला लागलास? काहीतरी मुरतंय.

इथेही मुरतंयच. इथले लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत. रस्त्यावरून जाताना घराघरातली जेवणाची टेबलं दिसतात. मंजूषा म्हणते, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे दाखवायची यांची रीत आहे. मी म्हटलं, एवढं दाखवावं लागतं म्हणजे काहीतरी असणारच. हसली. पण मी खोलीत गेले की ती आणि केतन इंग्रजीत कुजबुजतात. मला काय इंग्रजी कळत नाही? 'मामा' हा शब्द मी दोनदा ऐकला.

चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला इथल्या नगरपालिकेत, तिला खेमेंटे म्हणतात, नाव घालावं लागतं. त्याला जन्मदाखला पाहिजे. मी शाळेचा दाखला पुढे केला, तर तिथली बाई गोड हसून म्हणाली, हा चालत नाही, जन्म नोंदला तिथला आणा. म्हणून तो दाखला पुन्हा नीट पाहिला. १ जून १९५७. तुझा आठवतोय? १ जून १९५८. लाज नाही वाटली नानांना?

तासगावात अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला, हे ठाऊकच आहे. शाळा जूनला उघडायची, आईबापांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी टाक बुडवून एक जून लिहून मोकळे. चालायचंच. पण इथे गुरुजी म्हणजे प्रत्यक्ष नाना! ज्यांनी सुईणीला पैसे दिले, पेढे वाटले, त्यांना आपल्या मुलीची तारीख माहीत नव्हती? दोघांना एक जून, मधे बरोबर एक वर्षाचं अंतर. हे अज्ञान नव्हे, हा हिशेब बसवलेला आहे. नाना आयुष्यात खोटं बोलले नाहीत अशी माझी समजूत होती.

आणि डायरी कुठाय? रोज संध्याकाळी पेपरातली ठळक बातमी ते डायरीत उतरवायचे. छप्पन्नची डायरी ट्रंकेत आहे, अठ्ठावन्नची आहे. सत्तावन्नची मी लहानपणीसुद्धा पाहिलेली नाही. त्या वर्षी बातम्या घडल्या नाहीत म्हणावं तर निवडणुका झाल्या, संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी काँग्रेसला लोळवलं, केरळात कम्युनिस्ट आले, नवे पैसे निघाले, बोटीतून मद्रासला तापाची साथ उतरली ती सगळ्या देशभर पसरली, रशियाने आधी गोळा सोडला मग कुत्री सोडली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीला नाना स्वतः काळं निशाण घेऊन प्रतापगडच्या मोर्चाला गेले. असलं वर्ष नाना कोरं सोडतील? डायरी कुणीतरी काढली. ट्रंकेची किल्ली अकरा वर्षं तुझ्याकडे आहे.

तो दिवस मी विसरलेले नाही. मे महिना. आई गेल्याचा फोन पहाटे आला, आम्ही पुण्याहून तसेच निघालो, बाराला तासगावात पोचलो, तर तू स्मशानातून परत येऊन अंगणात हातपाय धूत होतास. सहा तास, मोरेश्वर. सहा तास तुला थांबवले नाहीत. मी ओरडले तर तू म्हणालास, "तू कोण लागून गेलीस तुझ्यासाठी आईला ताटकळत ठेवायला?" तेव्हा मला वाटलं रागाने बोललास. आता वाटतं, अगदी मोजून बोललास. आणलेल्या पोरीसाठी कोण थांबतं?

मीही त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते, तू माझा भाऊच नाहीस. मला काही ठाऊक नसताना मी म्हणाले. तू मात्र सगळं ठाऊक असून गप्प राहिलास, असं मला आता वाटायला लागलंय.

जयंती


एनस्खेडे, १६ डिसेंबर २०२०

मोरेश्वर,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी दत्ताच्या फोनवरून आली. "ट्रंकेत डायरी नाही. तिकडे थंडी असेल, पायात मोजे घाल."

मी दहादा वाचली. डायरी 'नाही' लिहिलंस. 'नव्हती' नाही लिहिलंस. आणि माहीत होतं का, याला उत्तरच नाही. त्याऐवजी मोजे! विषय कसा बदलावा हे तुझ्यासारख्या वायरमनकडून शिकावं, दिवा एका खोलीतला जळतो आणि बटण दुसऱ्या खोलीत.

इथे आजपासून शाळा, दुकानं पुन्हा बंद. तेजलचं भाषण मात्र आधी होऊन गेलं. कुत्री परत आली नाही, हे सांगताना वर्गातली दोन मुलं रडली म्हणे. आता ती दिवसभर घरात, केतन वरच्या खोलीत मीटिंगा करतो, मंजूषा जेवणाच्या टेबलावर. मी कुठे बसू? स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल टाकून तुला लिहितेय.

मंजूषाबद्दलचा माझा संशय खरा निघाला बरं का. काल तिच्या फोनवर तुझं नाव पाहिलं. 'मोरूमामा'. मी दम दिला तेव्हा कबूल झाली. दर दिवाळीला तुला फोन करते, अकरा वर्षं. तिच्या बाळंतपणात तू तिला डिंकाचे लाडू पाठवलेस, आणि मला सांगितलं सासूबाईंनी केले! मी ते लाडू चाखून "डिंक कमी आहे" म्हटलं होतं. सगळ्यांनी मिळून मला मूर्खात काढलंत.

तिला विचारलं, मामा माझ्याविषयी काय म्हणतो? ती म्हणाली, "काही नाही गं आई, फक्त विचारतो, तुझी आई बरी आहे ना." बस्स, एवढंच. यात काय आहे ते मी शोधतेय.

दत्ताला कामाला लावलंय. त्याची नगरपालिकेत ऊठबस आहे. सत्तावन्न सालचं जन्ममृत्यूचं रजिस्टर बघ म्हटलंय, एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत, पान न् पान. तू मधे पडू नकोस.

खरं सांगू? मला भीती वाटते. दाखला नाही मिळाला तर खेमेंटे काय करेल ते करो. पण तिथे नानांच्या नावापुढे मुलगी नसेल, तर मी ज्या बाईशी आई म्हणून पन्नास वर्षं भांडले, ती माझी कोण? या वयात ते ऐकायचं मला बळ नाही. तरी ऐकल्याशिवाय राहवतही नाही, असला मेला स्वभाव.

मोजे घातले आहेत.

जयंती


एनस्खेडे, २५ जानेवारी २०२१

मोरू,

तुझं पत्र आलं. चार पानं! अठ्ठ्याहत्तरला तुला वायरमनची नोकरी लागली तेव्हाही तू कार्डावर तीन ओळी लिहिल्या होत्यास.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे याचं नव्हे, दत्ताने सांगितलंय किंवा वहिनीने. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा 'आशिर्वाद' पहिलीसारखाच चुकलेला दिसला. मग न्हाणीघरात नळ सोडून बसले. तेजल दार ठोठावत राहिली, "आजी, आर यू ओके?" म्हटलं, साबण डोळ्यात गेला.

तू लिहिलंस, "ताई, नवे पैसे आणि कुत्री याचा मेळ मला बसवता येत नाही आणि बसवायचाही नाही. मला कुणी कधी काही सांगितलेलं नाही, आईची शपथ. तू तिच्या पोटची नसशील तर नसशील. मला पाटीवर श्री काढायला तू शिकवलंस. आळीतल्या पोरांनी मला धरलं तेव्हा तू जिन्याचा दांडका घेऊन आलीस. आणलेली असशील तर आई-नानांनी निवडून आणली, एवढंच मी म्हणतो."

मोरू, हे तू कधी शिकलास असं बोलायला?

आणि त्या दिवसाचं. "थांबलो नाही ते आईने सांगितलं म्हणून. शेवटी शेवटी रोगाने तिचं तोंड ओळखू येत नव्हतं. म्हणाली, जयूला हे तोंड दाखवू नको, ती वरवर दांडगी आहे, आतून घाबरट आहे. का थांबलो नाही हे तिला सांगूही नको म्हणाली. म्हणून तू बोललीस ते ऐकून घेतलं, आणि मीही तोंडाला येईल ते बोललो. आज सांगून टाकलं, आई रागावली तर रागावू दे."

अकरा वर्षं तू हे पोटात ठेवलंस. मी गावभर तुझी नालस्ती केली. नातेवाइकांच्या लग्नात तू आलास की मी उठून मागच्या रांगेत गेले. एकदा तरी सांगायचंस रे मेल्या!

इथे परवापासून संचारबंदी लागलीय. नऊनंतर बाहेर पडायचं नाही. पोरांनी ठिकठिकाणी दंगल केली, आमच्या गावातही दगडफेक झाली. शेजारची डच बाई कुंपणापलीकडून सांगत होती, लढाईनंतर असं काही पाहिलं नाही म्हणे. मी मान डोलावली, लक्ष सगळं तुझ्या पत्रात.

तरी एक किडा वळवळतोच. तुला काहीच माहीत नव्हतं, हे मी मानते. पण आळीला माहीत असणार. आळीला माहीत नाही असं काही असतं का? त्या सुईणीची सून, गयाबाई, अजून आहे म्हणे, नव्वदीला टेकलीय. दत्ताला सांगून तिच्याशी फोन लावणार आहे. आता काही का निघेना, तुझं पत्र मी केतनकडून छापून घेऊन उशीखाली ठेवलंय. वरची खोली रंगवतो, सरळ इकडे ये, हे लिहिलंस ते वाचून मी आणलेली असले तरी परवडलं असं वाटलं.

रंग पांढरा नको. डाग दिसतात.

ताई


एनस्खेडे, ९ फेब्रुवारी २०२१

मोरू,

हे तुला पाठवायचं नाही. तरी तुझंच नाव घातल्याशिवाय मला लिहिता येईना, इतकी सवय झाली तीन महिन्यांत. लिहून झालं की फाडणार आहे.

दोन दिवस इतका बर्फ पडतोय की दारासमोरच्या सायकली गाडल्या गेल्यात. सकाळी दत्ताचा फोन आला. रजिस्टर सापडलं. १ एप्रिल १९५७, स्त्री, बापाच्या रकान्यात नाना, आईच्या रकान्यात आई. फोटोही पाठवला. शाई थोडी फुटलीय, पण वाचता येतं.

मी हुश्श केलं. खोटं कशाला बोलू, आधी हुश्शच केलं. मी माझ्या आईची होते. स्टुलावर बसून चांगली पाच मिनिटं रडले, आणि मग साखर न घातलेल्या चहात दोन चमचे साखर घालून प्यायले.

आणि मग दत्ता हळूच म्हणाला, "आत्या, डिसेंबरपर्यंत बघितलं. पुढचं सालही बघितलं. गुरुजींच्या नावावर मुलगा नाही."

गयाबाईला फोन लावला. दत्ताने मोबाइल तिच्या कानाला धरला.

"कोण? गुर्जींची जयू? आगं बया! कुठं हैस?"

म्हटलं, मावशी, मी आईची नाही असं मला वाटत होतं.

"तू न्हवंस गं बाई! तू आमच्या सासूच्या हातची. तुजी नाळ म्या पुरलीया."

मग कोण?

"मंग कोण म्हंजी? त्यो तुजा भाऊ."

शाळेच्या शिपायाची बायको होती, मोरू. आषाढात बाळंत झाली आणि त्या साथीच्या तापात आठ दिवसांत गेली. मागोमाग शिपाईही गेला. गयाबाई म्हणाली, "पोरगं दुधासाठनं आकांत करत हुतं. तुजी आई तुला पाजायला बसली हुती. गुर्जी त्येला फडक्यात घिऊन आलं. कुनीतरी म्हनलं, जात बगा आदी. तर तुजी आई म्हनली, भुकंल्या पोराला काय जात इचारायची? आन् तुला एका अंगाला सारून त्येला घेटला." नात्यातलं कुणी येईल म्हणून नाना दिवाळी उलटेपर्यंत थांबले. कुणी आलं नाही. मग बारसं केलं, आणि त्याच दिवशी पेपरात कुत्री आली. चार महिन्यांचं बाळ ते, मांडीवर मावेल कसं? नाना प्रतापगडला गेले तेव्हा आई दोन तान्ही घेऊन घरात एकटी होती, आणि आळीतल्या बायका आळीपाळीने आपल्या दोघांना खेळवत होत्या.

डायरी आईने बंबात घातली. गयाबाईनेच जाळ सारला.

"समद्या आळीकडनं आन घेटली हुती तिनं. त्येला कळू द्यायचं न्हाई. म्हनून आमी मुद्दाम म्हनायचो, पोरगं आईवर गेलंय. तुला कशाला म्हनायचं? तू हुतीसच की."

मी फोन ठेवला. साय, मऊ भात, मांडी. तू तिचा लाडका होतास म्हणून नव्हे, तुला कधी शंका येऊ नये म्हणून. आणि मी त्याचा पुरावा करून तुझ्यावर तीन महिने फेकत होते. साठ वर्षं सगळ्या आळीने जीभ आवरली. ती मरून गेलेली माणसं शहाणी, आणि मी एवढी शिकलेली, नातीचं भाषण ऐकून पेन घेऊन बसले.

आणखी दोन पत्रं लिहिली असती तर तूच बोटं मोजली असतीस. नशीब, तू माझ्यावर विश्वास टाकून मोकळा झालास.

सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले होते ते वाक्य. देवा. ते खरं आहे, मोरू, आणि ते या जगात तुला माझ्याकडून कळता कामा नये.

दत्ताला मी काय काय शपथा घातल्या ते विचारू नकोस. पोरगा रडायला लागला. म्हणाला, आत्या, मोरूकाकांनी मला कनेक्शन फुकट जोडून दिलं होतं, मी कशाला बोलू? गयाबाईने तर स्वतःहून सांगितलं, मी आता ऐकू येत नसल्याचं सोंग करते.

तेजल दोनदा येऊन गेली, "पत्र झालं? फोटो काढू?" तिला वाचता येत नाही याचा मला आधार वाटायचा. आज त्याचीच भीती वाटते, ती कुठलंही पान उचलेल. ही पानं फाडतेच आता.


एनस्खेडे, १० फेब्रुवारी २०२१

चि. मोरूस,
अनेक आशीर्वाद.

संशय खरा निघाला. दत्ताने पानं पालथी घातली, एप्रिलमध्ये नानांच्या नावावर मुलगी नाही. गयाबाईशीही बोलले. तिने आधी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. शाळेत एक शिपाई होता, मी त्याची. तापाच्या त्या साथीत नवराबायको दोघंही गेली, आणि आईने मला पदराखाली घेतलं. नव्या पैशाची गोष्ट मला बरं वाटावं म्हणून रचलेली. तू मात्र कुत्रीच्या वेळचाच, त्यात बदल नाही. तुला आईवर गेलाय म्हणायचे ते काही उगाच नव्हे.

वाईट वाटलं का, विचारशील. वाटलं थोडं. पण तुझं पत्र आधी आलं होतं, ते बरं झालं. निवडून आणली, असं तू म्हणालास. तेवढ्यावर माझं भागतं.

ती शिपायाची बायको तरुणच होती, गयाबाई म्हणाली, विशीचीसुद्धा नसेल. आज त्या दोघांच्या नावाने मी पान वाढून बाहेर बर्फात ठेवलं. कावळे इथेही आहेत. चौसष्ट वर्षांत त्यांच्यासाठी कुणी काही केलं नव्हतं, कुणीतरी करायला हवं होतं. तूही एकदा केलंस तर मला बरं वाटेल, माझे आईबाप म्हणून. मला इथून नदीवर जाता येत नाही.

आता एक मागणं आहे. हो-नाही काय ते मोकळेपणाने कळव. दाखला मिळत नसेल तर इथे शपथेवर लिहून देता येतं. त्या कागदावर आईचं नाव घालायचं असतं. मंजूषा म्हणते, यात विचारायचं काय, लिहून टाक. मला ते बरोबर वाटत नाही. आई तुझी आहे. तिचं नाव मी लावलं तर तुला चालेल का? तू नाही म्हणालास तरी मी रुसणार नाही.

तुझी,
ताई